नातीच्या गुडघ्यासाठी घेतलेला लाइट

आई, गेल्या महिन्यात तुझ्या नातीसाठी लाइट घेतला. कोडावर देतात तो. तिच्या उजव्या गुडघ्यावर पांढरा डाग उठलाय, रुपयाएवढा. ती आता नऊ वर्षांची आहे. ती पोटात असतानाच तू गेलीस, त्यामुळे तू तिला पाहिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही. लाइट निवडायला मला दोन महिने लागले. घरातले हसायला लागले होते, एवढं काय बघतेस म्हणून. त्यांना मी काही सांगितलं नाही. तुला सांगायची गरजच नाही.

मी चौदा वर्षांची होते. आपण चिखलीत भाड्यानं राहत होतो, एक खोली आणि पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर. तू कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायचीस. माझ्या डाव्या कानाखाली, मानेवर डाग आला आणि तू मला महापालिकेच्या दवाखान्यात नेलंस, एवढं तू केलंस हे मी नाकारत नाही. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. हा रोग लागत नाही, कुणाच्या पापाचा नाही, आठवड्यातून दोनदा मुलीला लाइट घ्यायला आणा. तू मान डोलावत होतीस. बाहेर आलो तेव्हा लाइटच्या खोलीसमोरच्या बाकड्यावर चार-पाच माणसं ओळीनं बसली होती आणि त्यात आपल्या गल्लीतली एक बाई होती. तू माझी ओढणी कानावर ओढलीस आणि म्हणालीस, “हितं न्हाई बसायचं. निम्मी चिखली येती हितं. उद्या तुला बघायला कोण येनार हाय?” मला तेव्हा गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळत होते. बघायला कोण येणार हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता.

पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी तू ओढणीत गुंडाळून एक ट्यूब आणलीस. कँटीनमधल्या पाण्याच्या मशीनमधली, जंतू मारायची. मेंटेनन्सच्या माणसानं तुला ती पट्टीवर बसवून दिली होती. त्याला तू काय सांगितलंस कोण जाणे. तू पडदा ओढतेस, पट्टी ओट्यावरच्या खिळ्याला अडकवतेस आणि मला खाली पाटावर बसवतेस. मी विचारते, “आई, दवाखान्यातली अशीच असते का?” तू म्हणतेस, “लाइट तो लाइट. निळा हाय न्हवं? मग झालं.” माझं डोकं तू दोन्ही हातांनी धरून ठेवतेस, मान वाकडी करून. एक वेगळाच वास येतोय, वीज जळल्यासारखा. मी म्हणते, चटका बसतोय. तू म्हणतेस, “चटका बसला म्हंजी गुन येतोय.” अर्धा तास. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं व्हायला लागलं. पापणी उचलवेना. मानेवर आणि गालावर फोड आले. दोन दिवस मी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून होते. तुझेही डोळे भाजले होते, कारण तूही त्याच उजेडात बसली होतीस, आणि तरी सकाळी लाल डोळ्यांनी तू पोळ्या लाटायला गेलीस. हे मी कितीदा तरी आठवून बघितलंय. वाटतं, यानं तरी मन थोडं मऊ होईल. होत नाही. कारण तू मला दवाखान्यात नेलं नाहीस. नेलं असतंस तर काय केलं ते सांगावं लागलं असतं. फोड सुकले आणि जिथं जिथं भाजलं होतं तिथं तिथं कातडी पांढरी होत गेली. रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला. तू एक दिवस माझी वेणी घालता घालता तो बघितलास आणि म्हणालीस, “नशीबच तसलं घिऊन आलीस त्याला मी काय करू?” त्यानंतर आपल्या घरात त्या ट्यूबचा विषय कधी निघाला नाही.

शेवटच्या आजारात तू माझ्याकडे होतीस. औषधाची गोळी देताना मी वाकले तेव्हा माझ्या मानेवर तू बोट ठेवलंस आणि विचारलंस, “दुखतंय का गं?” वीस वर्षांनी. मी म्हणाले, “पाणी पी.”

मी आता चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. बाहेरून आलेला माल तपासायचा, कागद पुरे नसतील तर गाडी गेटवरूनच परत पाठवायची, हे माझं काम. त्यामुळे लाइट शोधताना मला सवयच होती. ऑनलाइन शंभर प्रकारचे मिळतात. लाल, निळे, सुरकुत्यांवरचे, पिंपल्सवरचे, सगळ्यांवर कोडही बरं होतं असं लिहिलेलं. एका विकणाऱ्याला मी फोन लावला. विचारलं, वेव्हलेंथ किती? तो म्हणाला, “मॅडम, निळा लाइट आहे, एकदम ओरिजिनल.” टायमर आहे का? “मोबाईलवर लावा की. आणि डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही लागत नाही, लहान मुलांना बिनधास्त द्या.” मी फोन बंद केला आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

मोशीत आमच्या घराजवळ कातडीच्या डॉक्टर आहेत, माझ्याहून लहान. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे कोडावर चालणारे तेवढेच किरण, वेव्हलेंथ तीनशे अकरा, हे मशीनवर आणि ट्यूबवर दोन्हीकडे छापलेलं पाहिजे. वेळ संपली की आपोआप बंद होणारा टायमर पाहिजे. कातडीपासून अंतर ठरलेलं राहावं म्हणून पुढं टेकण पाहिजे. चष्मे दोन, एक तिचा आणि एक देणाऱ्याचा. बदलीची ट्यूब त्याच कंपनीची मिळते का ते आधीच विचारा. “आणि घरी नेण्याआधी काही दिवस माझ्यासमोर द्यायचा,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशीही लाली राहिली, तर पुढची वेळ चुकवून मला फोन करायचा. वेळ मनानं वाढवायची नाही. आणि डाग जाईलच असं मी म्हणणार नाही. रंग हळूहळू येतो, कधी येतही नाही.” असं सरळ बोलणारं माणूस आपल्याला त्या दवाखान्यातही भेटलं होतं, आई. तू फक्त बाकडं बघितलंस.

काही दिवस त्यांच्यासमोर दिला आणि गेल्या रविवारी पहिल्यांदा घरी. दिवसाउजेडी, हॉलमध्ये, दार उघडं ठेवून. दोघींनी चष्मे लावले. डागाभोवतीचा पाय मी टॉवेलनं झाकला, टायमर तीनदा तपासला. तिनं विचारलं, “मम्मी, तू श्वास का धरून ठेवलायस?” मग टकन आवाज आला आणि लाइट बंद झाला. वीस सेकंदसुद्धा झाले नव्हते. “एवढंच?” ती म्हणाली. “एवढंच,” मी म्हणाले, आणि आत जाऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. तिच्यासाठी नाही. अर्धा तास पाटावर बसलेल्या मुलीसाठी. तुझा एवढा राग मला तू जिवंत असतानाही आला नव्हता.

आता जे लिहिते आहे ते पोरीच्या बापालाही ठाऊक नाही. तिच्या गुडघ्यावरचा डाग मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी डॉक्टरकडे गेले नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन तीन लेगिंग्ज आणल्या आणि तीन आठवडे पोरीला शाळेत, खेळायला, वाढदिवसांना त्यातच पाठवलं. ती वैतागून का म्हणून विचारायची तेव्हा मी म्हणायचे, डास चावतात. शेवटी खेळताना तिनं लेगिंग्ज वर दुमडल्या आणि तिच्या पीटीच्या बाईंनीच मला बोलावून विचारलं, गुडघ्यावर काय झालंय, कुणाला दाखवलंत का. त्यांनी विचारलं नसतं तर मी अजून किती आठवडे काढले असते, मला सांगता येत नाही. तू असतीस तरी हे पत्र मी तुला दिलं नसतं. वरचं सगळं तुझ्या तोंडावर वाचून दाखवलं असतं. ही लेगिंग्जची चार-पाच वाक्यं मात्र तुझ्या हाती लागू दिली नसती.