लिलीचे कांदे

वत्सले,

कळंबहून सांगावा आलाय, माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरलेत, म्हणून निघते. भाकरी शिंक्यावर आहे. आधी जेव, मग पुढचं वाच.

भिंतीला चुना द्यायचा म्हणून लिलीचे कांदे काढले. पांढरी लिली तुझ्या आईनं लावलेली, गुलाबी मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा माहेराहून आणलेली. पानं छाटली की दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तिच्या कांद्यांना कुंकू लावलं आणि माझ्या कांद्यांना हळद. आणि ठेवले कुठं, तर चुन्याच्या ओल्या पाटीत! हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे मला ठाऊक नसावं? सगळेच लाल झाले. वास घेऊन पाहिला, एक सोलूनही पाहिला. दोनदा वेगळे केले, दोनदा परत मिसळले. डोकंच चालेना.

शेवटी सगळे एकाच वाफ्यात लावलेत. माझी लिली उपटून टाकीन, असं तू परवा म्हणालीस. आता फुलं येईपर्यंत तिची कोणती आणि माझी कोणती, ते तुलाही कळायचं नाही. तोवर सगळ्यांनाच पाणी घाल.

जानकी