जीवनचा गिलास मातीत ओतला

आये, तुझ्या पाया पडते. दोन दिस डोळ्याला डोळा न्हाय. भूपेशदादा हळदीतनं उपाशीच निघून गेला, आता माहेर तुटतं का काय, ही भीती पोटात हाय. पण आये, जिंकले मी!

वडप्याला, माझ्या सासरच्या गावी, दिराची हळद व्हती. दादाने रीत म्हणून भाच्याला, आपल्या जीवनला, दारूचा पयला गिलास दिला. चौदा वर्साचं पोर! मी सगळ्या मांडवासमोर गिलास घेतला न मातीत ओतला.

दादा बोलला, "भिवंडीत राहून लय शहाणी झाली! आपल्यात पयला गिलास मामाच देतो."

मी बोलले, "शेजारच्या शकीलाभाभीची तीन पोरं कापडाच्या लूमवर राबतात, थेंबाला शिवत न्हाय. त्यांना बी मामा हाय की!"

बाया हसल्या. मंग मला कधी चांगलं न बोललेली सासू उठली न बाकीच्या पोरांच्या हातातले चार गिलास हिसकून घेऊन आली, तिथंच मातीत ओतायला. जीवन लाजला, पण बोलला, "आई, सरबत दे."

तुझा गुडघा कसा हाय? गरम पाण्याच्या कुंडात शेकतेस ना?

तुझी मेघाली

आयेला हे वाचून दाखवणाऱ्याने दादाला फोन लावा, माझा तो उचलत न्हाय. सांगा, बहीण माफी न्हाय मागणार, पण रविवारी तिच्याकडे जेवायला ये.