नाकातली अमेरिका

२२ नोव्हेंबर १९७१

आजपासून मी टेपरेकॉर्डर!

खालच्या मजल्यावरचा अच्युत अमेरिकेत एम.एस. करायला जाणार म्हणतो. त्यासाठी टोफेल द्यायची, इंग्रजीची परीक्षा. त्यात टेपवर माणसं बोलतात, ते एकदाच ऐकून उत्तरं लिहायची. आता टेप आणायचा कुठून? आमच्या अख्ख्या क्वार्टर्समध्ये नाही. म्हणून पुस्तकातलं मी वाचायचं, त्यानं ऐकायचं. "तुझा आवाज क्लिअर आहे, शैलजा." आई दारात बसून मटार सोलणार, ही आईची अट.

२५ नोव्हेंबर

अच्युत म्हणतो, अमेरिकन लोक नाकातून बोलतात. तू कुठं ऐकलं? "सगळेच सांगतात." मग वाचलं नाकातून. आईनं जेवणाआधी काढा पाजला.

३० नोव्हेंबर

आज एक पुरुष, एक बाई. पुरुषाला जाड आवाज, बाईला बारीक. घसा बसला. पुरुषाची छत्री हरवते - कुठं असेल? अच्युत म्हणाला, बसमध्ये. चूक! लायब्ररीत. मला वाचता वाचताच कळलं होतं. बोलले नाही.

४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद. बाबा गन फॅक्टरीत, ओव्हरटाइम. घरी येतात ते फक्त जेवायला आणि झोपायला. माझ्या बी.एस्सी.नंतर काय, हे विचारायची ही वेळच नाही. विचारलं तरी "पाहू" म्हणतात.

७ डिसेंबर

हसून हसून पोट दुखून राहिलं!

संध्याकाळी ब्लॅकआउट. कागद लावलेल्या खोलीत मी जाड आवाजात - "आय मिस्ड द ट्रेन, मेरी!" तेवढ्यात दार धडाधड वाजलं. शेजारच्या राधाबाईंनी ब्लॅकआउट पाहणाऱ्या वॉर्डनला सांगितलं होतं - "पोरीचे बाबा ड्यूटीवर, अन् घरात कोणी परका माणूस इंग्रजी बोलून राहिला!" झालं. हेर!

वॉर्डन गुणवंतराव काठी आपटत आत. "कौन है अंदर? रेडिओ बंद करो!"

"रेडिओ नाही काका, मीच आहे."

"तो माणूस कुठं गेला?"

"त्याची गाडी चुकली," अच्युत बोलून गेला. मूर्ख!

"कोणती गाडी? कुठं जाणार होता?"

मग मी पुन्हा जाड आवाज काढला. गुणवंतराव दोन पावलं मागेच सरकले. नंतर खुर्ची ओढून बसले. "अच्छा! चलो, पुढे वाच. मेरी काय म्हणते?"

आईनं त्यांनाही मटार दिले सोलायला.

१७ डिसेंबर

लढाई संपली! बाजारात कमानिया गेटला लाडू वाटले म्हणे. बाबा दिवसभर झोपले.

शेवटची टेस्ट वाचली. अच्युतची सहा उत्तरं चुकली. म्हणाला, "तुझी किती बरोबर?" मी म्हटलं, सगळी. तो पाहतच राहिला.

"काय पाहून राहिला?"



१८ जानेवारी १९७२

अच्युत नागपूरहून परीक्षा देऊन आला. टेपवरचा माणूस नाकातून बोलतच नाही! साधा बोलतो! याला हसू फुटलं, त्यात पहिली तीन उत्तरं गेली. "मला वाटून राहिलं होतं, आता तूच बोलशील," म्हणाला.

चहा टाकला. साखर विसरले.

५ मार्च

टोफेल पास. आता युनिव्हर्सिटीच्या पत्राची वाट. मी फिजिक्सचा अभ्यास करते. लक्ष नाही.

२६ मार्च

ॲडमिशन मिळाली. अच्युत पेढे घेऊन वर आला. बाबांच्या पाया पडला अन् उभाच राहिला.

"काका, पुढच्या टोफेलला शैलजाला बसवा. आता मी वाचतो, ती ऐकेल."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबा "पाहू" म्हणतील, म्हणून मी जमिनीकडे पाहत होते.

"जोरात वाच," बाबा म्हणाले. "मलाही ऐकायचं आहे."