आधी कुऱ्हाड ठेव

धाकट्यास, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

तुझ्या लेकाकडे मी मजेत आहे. "बाबा, माझ्याकडे राहायला चला," एवढंच म्हणाला, तर तू कुऱ्हाड हाणलीस. त्याच्या खांद्याची जखम आता भरत आलीय.

काल त्याने फ्रेंच सिनेमा दाखवला. जंगलात एकटा अडकलेला माणूस रानडुकराचं डोकं दगडाने ठेचतो. पुढे सोडवायला आलेल्यालाही भोसकतो, मग प्रेताशीच गप्पा मारत बसतो. तुझ्या नातीने डोळे मिटले, मी नाही. भाषा कळली नाही, पण माणूस ओळखीचा वाटला. नाकसुद्धा तुझंच!

वेळेवर जेवतोस ना? की चुलीशीही भांडलास?

मला अक्षर येत नाही, म्हणून हे तुझा लेकच लिहितोय. 'कुऱ्हाड' लिहिताना हात अडला त्याचा. तरी रविवारी मला घेऊन तुझ्याकडे येतोय. दार वाजलं की आधी ती खाली ठेव, मग कडी काढ.

तुझीच,
तुला पुरून उरणारी ताई