पेशी जगल्या, पण

३ जून. सकाळी ८.
प्रयोग सुरू. हॅमस्टरच्या पेशी औषधाचं प्रोटीन बनवतात, पण दहा दिवसांत माना टाकतात. त्यांच्यातला मायक्रोआरएनए नावाचा एक इवला रेणू जगवणाऱ्या जनुकांचं तोंड दाबून बसतो. मी त्यालाच गप्प केलंय. पेशी जास्त जगणार, प्रोटीन दुप्पट होणार. सरळ हिशेब. आजवर कुणाला कसा सुचला नाही? (मलाही चौथ्या वर्षी सुचला, पण ते वेगळं.)
संकल्प : दर तीन दिवसांनी प्रोटीन मोजायचं.

६ जून.
मोजलं नाही. मशीनवर शेजारच्या टेबलावरची सहकारी होती. वेळेची इतकी पक्की की आम्ही तिला घड्याळ म्हणतो. तुलनेसाठीच्या साध्या पेशी तिच्याकडे आहेत. माझ्या पेशी टवटवीत. मी नाही. पाठ धरलीय.

९ जून.
मोजलं नाही. रोप रोज उपटून मुळं बघू नयेत. घड्याळ म्हणाली, नमुने द्या, मीच मोजते. नम्र नकार. आयत्या श्रेयावर टपलेले लोक मी ओळखतो.

१३ जून.
साध्या पेशी आटोपल्या. माझ्या ९४ टक्के जिवंत! घरी बायकोला सांगितलं. ही विचारते, जगतायत ते ठीक, पण काम करतायत का? म्हटलं, जगणं हेच अर्धं काम.

१७ जून.
आमच्या प्रमुख मॅडमना सांगून टाकलं, दुप्पट. त्यांनी आकडा मागितला. म्हटलं, येतोच आहे. म्हणाल्या, तुमचं पुढचं वर्ष याच्यावर आहे, लक्षात आहे ना? शुक्रवारी सगळ्यांसमोर मांडायचंय.

१९ जून. सकाळी.
मोजलं. साध्या पेशींच्या निम्मं. मशीन बिघडलंय.

दुपारी ४.
घड्याळनं त्याच मशीनवर तिचे नमुने मोजले. मशीन ठणठणीत आहे.

२० जून.
तिसऱ्यांदा निम्मंच. घड्याळ स्टूल ओढून शेजारी बसली. म्हणाली, सहाव्या दिवशी कळलं असतं तर खाद्य बदलून बघता आलं असतं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.
उद्याच्या सादरीकरणाचं नवं शीर्षक : 'दीर्घायुषी पेशी'. प्रोटीनचा आलेख शेवटी, बारीक.

२१ जून.
मॅडमनी शेवटचाच आलेख मोठा करायला लावला. नंतर कुणी काही विचारलं नाही. एकानेही नाही.

२४ जून.
प्रकल्प बंद. फ्लास्कमध्ये ब्लीच ओतून पेशी मारायच्या होत्या. घड्याळ म्हणाली, मी करते. मीच केलं. शेवटची मोजणी : ८८ टक्के जिवंत.
उद्यापासून स्टोअर माझ्याकडे. हातमोजे, बाटल्या, झाकणं. घरी हिला म्हटलं, जबाबदारी मोठी आहे, एका अर्थी बढतीच. ही म्हणाली, आधी बूट काढा. खुर्चीत बसलो, पण पाठ वाकेना. हिनंच खाली बसून नाड्या सोडल्या. मग विचारलं, फार वाईट झालं का?
हो म्हटलं.