घराण्याची सीट

गेंट, १ मे १९७९

ती. आजोबांस हिल्डेचा सा. न. वि. वि.

आईला यातलं काही कळवू नका. तेरा तारखेला आपल्या जत्रेची सायकल शर्यत आहे, आणि मी उतरणार नाही. तुम्ही दिलेली कातडी सीट वर केली, खाली केली, चरबी चोळली. चाळीस किलोमीटरनंतर बधिर होऊन बसवतच नाही. पणजोबांनी सोसलं, तुम्ही सोसलंत. मला सोसत नाही, म्हणजे सायकल माझ्या रक्तात नसावी. सोडावी म्हणते.

रागावलात तरी पत्र टाका.

हिल्डे

झोटेगेम, ३ मे

चि. हिल्डेस अनेक आशीर्वाद.

सोडायची भाषा नको. सीट दोन बोटं मागे सरकव, तिचं पुढचं नाक जरा खाली कर. फारच झालं तर बुडाला गादी म्हणून चड्डीत कच्च्या मांसाचा पातळ काप ठेव, आमच्या वेळी ठेवायचे. आजी म्हणते, शर्यतीनंतर तो काप तिच्या स्वयंपाकघरात आणायचा नाही. सीटवरचे खड्डे माझ्या वडिलांपासूनचे आहेत. बसत राहा, तुझे होतील.

माया आहेच.

आजोबा

गेंट, ८ मे

ती. आजोबांस सा. न.

काप मी तव्यावर परतून खाल्ला. इथल्या सायकल दुरुस्तीवाल्या बाईंनी मला पायरीवर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर बसवलं आणि बुडाच्या हाडांच्या उमटलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजलं. तेरा सेंटिमीटर. आपल्या सीटवरचे खड्डे साडेदहावर. बाई म्हणाल्या, दुसऱ्याचे जोडे घालून पायाला कशाला दोष देतेस. त्यांच्याकडच्या जुन्या रुंद सीटवर साठ किलोमीटर गेले, काही झालं नाही. शर्यतीला तीच लावू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही उतरणार.

उत्तराची वाट पाहते.

हिल्डे

झोटेगेम, १० मे

चि. हिल्डेस अ. आ.

तुझं पत्र वाचून मीही पुठ्ठ्यावर बसलो. साडेबारा आलं. आजीचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा बसलो. तेवढंच.

त्या सीटवर मी सहा वर्षं शर्यती केल्या आणि चोविसाव्या वर्षी सोडल्या. गुडघा गेला म्हणून सगळ्यांना सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मला बसवत नव्हतं, आणि वडिलांच्या सीटवर बसवत नाही हे सांगायची लाज वाटली. तू सांगितलंस, बरं केलंस.

रुंद सीट लाव. मी शेवटच्या वळणावर उभा असेन.

हे आजीला आजच सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ती शेकत आली, तो गुडघा कुणाचा होता.

जत्रेला लवकर ये, जेवायला थांबतो.

आजोबा