बांबूला चारलेली खीर

प्रिय रुईफांग,

उत्तराला फार उशीर झाला, राग मानू नकोस. थंडी सुरू होता होता तुझं पत्र आलं. त्यात शेवटी तू लिहिलं होतंस, 'शिन्या विचारते, आजोबांकडचा बांबू कसा आहे?' त्या एका ओळीचं उत्तर मला देता येईना. बरा आहे म्हणावं तर खोटं, बरा नाही म्हणावं तर पोर हिरमुसेल. फोन करावा तर तू 'जेवलात का' विचारतेस, मी 'जेवलो' म्हणतो, आणि फोन ठेवून देतो. म्हणून थांबलो. माझी शाळा तिसरीपर्यंतच, कुठे अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

डोंगरावरच्या घरामागचं बांबूचं बेट आता रस्त्याखाली गेलं. आम्हा सगळ्यांना खाली या इमारतीत आणायचं ठरलं, तेव्हा आपल्या वेईचेंगने त्या बेटातलं एक मूळ खणून लोणच्याच्या जुन्या रांजणात लावलं. रांजणाच्या बुडाला भोक पाडताना मी ओरडलो, तर म्हणाला, "बाबा, लोणचं काय, विकतही मिळेल. वर्षाच्या शेवटच्या दिवशी माझ्या पोरीने हलवायचं काय? जिन्याचा कठडा?" तो हे जग सोडून गेला त्याच्या आदला हिवाळा तो. लहानपणी तोही वर्गात सगळ्यात बुटका होता. दर वर्षी शेवटच्या दिवशी त्याच बेटातला बांबू कवटाळून गदागदा हलवायचा आणि ओरडायचा, "बांबूआई, बांबूआई, तू झालीस उंच, आता मला कर!" पुढे दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची, हे सून होऊन आल्यावर तूच पाहिलंयस. शिन्याही वर्गात सगळ्यात पुढच्या बाकावर बसते असं तू लिहिलंस, तेव्हापासून मला घोर लागलाय. या वर्षी तिने हलवायलाच हवा, आणि हलवायला तो जिवंत हवा.

आणि मीच त्याला मारायला निघालो होतो. पहिलं गार वारं सुटलं तशी पानं सुरळीसारखी वळली. मला वाटलं, थंडी बाधली. उचलून आत आणला, शेगडीशेजारी ठेवला. खरं तर त्याला तहान लागली होती. गॅलरीतलं कोरडं वारं पानातलं पाणी ओढून घेतं. शेगडीजवळ तर पानं आणखीच करपली. तेवढ्यात लाबाचा, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या आठव्या दिवसाचा, खिरीचा सण आला. गावी त्या दिवशी आपण अक्रोडाच्या झाडाला खाच पाडून खीर चारायचो, आठवतं? तू झाडाला 'पोट भरलं का?' विचारायचीस आणि वेईचेंग झाडाच्या वतीने 'पोट भरलं' म्हणायचा. इथे झाड कुठलं? मी म्हटलं, बांबू आजारी आहे, त्यालाच चारू. चांगली दाट, खजूर-शेंगदाणे घातलेली खीर मुळाशी ओतली, वर साखरही टाकली.

मग काय, उबेला मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागोमाग पेरापेरांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसायला लागले. पिठ्या ढेकूण! सगळी पानं चिकट, त्यावर काजळी. समोरची खौ म्हातारी मीठ मागायला आली आणि दारातच हसत सुटली. "अहो, बांबूला खीर? आता दातही घासून द्या त्याचे!" मला इतका राग आला की मीठ दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खरंच दात घासायचा जुना ब्रश घेतला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि एकेक पेर घासायला बसलो. संध्याकाळी म्हातारी आपला ब्रश घेऊन आली. म्हणाली, "सरका तिकडे. डोळ्यांना दिसत नाही आणि चाललेत ढेकूण मारायला." जीभ तिखट आहे, पण दर दोन दिवसांनी येऊन बसते.

खिरीची माती वरवर खरवडून काढली, नवी घातली. फार किडलेल्या दोन जुन्या काठ्या बुडापासून कापल्या. खौ म्हणाली, कापल्याशिवाय हवा खेळणार नाही. मग रांजण पुन्हा गॅलरीत, वारं लागत नाही अशा उन्हाच्या कोपऱ्यात नेला. मुळं गोठू नयेत म्हणून रांजणालाच पेंढा आणि पोतं गुंडाळलं. पानं मोकळीच ठेवायची, प्लास्टिक अजिबात घालायचं नाही. पाणी भर दुपारी, तेही बोट खुपसून माती आत कोरडी लागली तरच. थंडीत खत देऊ नये, कसलंच. मी रोज सकाळी पांढऱ्या फडक्याने पानांची खालची बाजू पुसतो. या आठवड्यात फडकं पांढरंच राहिलं. तरी रात्री वाटतं, एखादं अंडं राहिलं असेल.

तू म्हणशील, बाबा एवढं बारीकसारीक का सांगतायत. सांगतो. दुसरं लग्न झाल्यापासून वर्षाचा शेवटचा दिवस तुझा ल्याओंच्या घरी, आणि तो तिथेच असायला हवा. तू इकडे ये असं मी म्हणत नाही, मला तो हक्कही नाही. पण बांबू तिकडे येऊ शकतो. त्या दिवशी सकाळची बस असते. कंडक्टर म्हणाला, मागच्या बाकाला बांधू. मी वर येणार नाही, फाटकाशी उभा राहीन. शिन्याला नवे कपडे घालून खाली पाठव. तिचं हलवून झालं की रांजण तिथेच ठेवून दुपारच्या बसने परत फिरेन, माझं ताट मांडू नका. परक्याच्या घरात सणासुदीला कीड नेली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तो स्वच्छ होईपर्यंत लिहिलं नाही. ल्याओंना विचार. माणूस चांगला आहे असं तू लिहिलं होतंस. त्यांना नको वाटलं तरी मी मनात काही धरणार नाही, खरंच नाही. हो म्हण, नाही म्हण, पण पोरी, लवकर कळव. सणाच्या गर्दीत मागचा बाक आधीच सांगून ठेवावा लागतो.

तुझाच,
बाबा